कोनची कोनशिला



गेल्या महिन्यात एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर आपण नेहमीप्रमाणे सतरंज्या गुंडाळत होतो, खुर्च्या एकावर एक रचत होतो. तेव्हा कोनच्या एका मावशींनी सहज विचारले, "फादर, आपलं स्वतःचं चर्च कधी होणार हो? माझ्या डोळ्यांदेखत होईल का?" तिथे उभ्या असलेल्या आमच्यापैकी कोणालाच चटकन उत्तर सुचले नाही. "देवाची इच्छा असेल तेव्हा होईल," असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. मावशी हसल्या आणि घरी गेल्या. आमचे उत्तर खोटे नव्हते, पण पुरेसेही नव्हते, ही टोचणी मात्र आम्हाला लागून राहिली. आजचे हे चिंतन म्हणजे मावशींना दिलेले उशिराचे उत्तर समजावे.

आपली अडचण आपण सारे जाणतो. आधी एका कुटुंबाच्या घरी मिस्सा होत असे. घर पुरेना म्हणून एका इमारतीचा हॉल मिळवला. काही महिन्यांनी "पुढच्या महिन्यापासून जमणार नाही" असा निरोप आला. आता भाड्याच्या गाळ्यात आपण जमतो. गोदामांत आणि यंत्रमागांवर काम करणाऱ्या आपल्या तरुणांना रविवारची सुट्टी हमखास मिळत नाही. कोणी वसईचे, कोणी अहिल्यानगरचे म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरचे, कोणी मंगळूरचे, कोणी केरळचे. गीत कोणत्या भाषेत गायचे यावरूनही रुसवे होतात. काही कुटुंबे पूल ओलांडून सरळ कल्याणला जातात. तिथे मोठी वेदी आहे, गायकवृंद आहे, मुलांसाठी धर्मशिक्षणाचे वर्ग आहेत. त्यांच्यावर आमचा राग नाही. पण मागे राहिलेल्यांच्या मनात प्रश्न येतो, आपण हे सारे कशासाठी करतो आहोत?

आपण पहिले नाही

बंधुभगिनींनो, या उल्हास नदीच्या काठी ख्रिस्तसभेचे रोप लावणारे आपण पहिले नाही. सहाव्या शतकात कॉस्मास नावाच्या एका ग्रीक भाषिक प्रवाशाने लिहून ठेवले आहे, की भारताच्या किनाऱ्यावर 'कल्लियाना' या ठिकाणी इराणातून नेमलेला बिशप होता. हे कल्लियाना म्हणजे पुलापलीकडचे आपले कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात. त्या काळच्या प्रार्थनाघराची एक वीटही आज दाखवता येणार नाही.

त्यानंतर आठशे वर्षांनी, १३२१ साली, ठाण्यात काय घडले ते आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. थॉमस, जेम्स, पीटर आणि डिमिट्रियस हे चार फ्रान्सिस्कन आणि त्यांच्यासोबत जॉर्डन नावाचे एक डॉमिनिकन धर्मगुरू जहाजाने केरळातील कोल्लमकडे निघाले होते. पण जहाज आले ठाण्याच्या बंदरात. तिथे पूर्वेकडील परंपरेच्या ख्रिस्ती लोकांची अवघी पंधरा घरे होती, अशी नोंद त्यांच्यानंतर थोड्याच काळाने आलेल्या ओडोरिक या फ्रान्सिस्कन प्रवाशाने केली आहे. पंधरा घरे! आपण कोनमध्ये मिस्सेला जमतो त्याहून फार निराळा आकडा नाही. त्या घरांपैकीच एका घरात या पाहुण्यांना आसरा मिळाला.

फादर जॉर्डन भडोचच्या दिशेने गेले असताना इकडे चौघांना पकडण्यात आले आणि एप्रिल १३२१ मध्ये त्यांना ठार मारण्यात आले. थॉमस यांना १८९४ साली ख्रिस्तसभेने 'धन्य' म्हणून मान्यता दिली. जॉर्डन परतले, मित्रांचे देह त्यांनी सोपाऱ्याला नेऊन पुरले, आणि या अनोळखी मुलखात ते एकटे उरले. आपण असतो तर परतीचे जहाज शोधले असते. ते राहिले. या घटनेतून आपण तीन धडे घेऊ या.

पहिला धडा : चर्चचा पाया घरात असतो

ही आपत्ती कशातून सुरू झाली? ओडोरिक सांगतो ते ऐकून मान खाली जाते. ज्या घरात पाहुणे उतरले होते, त्या घरात नवरा-बायकोचे भांडण झाले. नवऱ्याने बायकोला मारले. ती काजीकडे दाद मागायला गेली. तिथे बोलता बोलता घरी उतरलेल्या पाहुण्यांचा विषय निघाला, त्यांना बोलावणे आले, धर्मावर वाद झाला आणि प्रकरण त्यांच्या जिवावर बेतले.

दाद मागणाऱ्या त्या बाईचा यात काहीच दोष नाही. मार खाणाऱ्याने दाद मागायलाच हवी. पण जो हात उगारला गेला तो एका ख्रिस्ती माणसाचा होता, आणि तोही धर्मगुरूंना ज्या घरात आसरा दिला त्याच घरात. आपल्याला वाटते, चर्चवर संकटे बाहेरून येतात. तडा पुष्कळदा आतून जातो. आपल्या गाळ्यात वेदी मांडण्याआधी ज्या घरातून आपण निघालो तिथे काय घडले, हे प्रभू पाहतो. भावाशी वैर असेल तर अर्पण वेदीपाशी ठेवून आधी त्याच्याशी समेट कर, असे येशूने डोंगरावरील प्रवचनात सांगितले (मत्तय ५ : २३-२४). ज्यांनी गीताच्या भाषेवरून एकमेकांशी बोलणे सोडले आहे, ज्यांच्या घरात दारूपायी रोज भांडण आहे, त्यांनी हे वचन आपल्यासाठी आहे असे समजावे. आणि ज्या भगिनीला घरात मार सोसावा लागतो तिने गप्प बसू नये. तिच्या पाठीशी उभे राहणे हे या समुदायाचे काम आहे.

आणखी एक गोष्ट. सातशे वर्षांपूर्वीची ही हकिकत वाचून कोणाही धर्माच्या शेजाऱ्याविषयी मनात कडूपणा धरू नये. गेल्या पावसाळ्यात मिस्सा चालू असताना वीज गेली, तेव्हा शेजारच्या गाळ्यातील मुस्लिम बांधवाने आपल्या इन्व्हर्टरची वायर आपल्याकडे ओढून दिली. त्या दिवशीचे शुभवर्तमान आपण त्यांच्या उजेडात वाचले.

दुसरा धडा : आधी माणसे, मग भिंती

जॉर्डन यांची दोन पत्रे आज उपलब्ध आहेत. पहिले १३२१ च्या ऑक्टोबरात घोघा बंदरातून इराणातील आपल्या धर्मबंधूंना लिहिलेले. दुसरे त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी ठाण्याहून लिहिलेले. चाचांनी लुटले, तुरुंगात टाकले, खोटे आरोप झाले, अंगावर संघाचा झगाही उरला नाही, भूक आणि आजारपण सोसले, हे सारे त्यांनी लपवले नाही. एकटेपणाने मन किती खचते तेही लिहिले. संतपणाचा आव त्यांनी आणला नाही. आपण थकलो असे कबूल करणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे नव्हे, हे आपल्या कार्यकर्त्यांनी ध्यानात घ्यावे.

आणि त्यांनी मागितले काय? त्यांची मुख्य विनवणी होती माणसांसाठी. बंधूंनो, या, सोपारा, भडोच, कोल्लम इथे काम वाट पाहत आहे. स्वतःच्या कामाचा हिशेबही ते देतात : भडोचला सुमारे ९० जणांचा स्नानसंस्कार झाला, ठाणे ते सोपारा या टापूत ३५ जणांचा झाला. इमारतीचा हिशेब नाही, माणसांचा आहे.

आपण मात्र जमलो की बोलतो जागेविषयी. जागा लागणारच, तिच्यासाठीचे प्रयत्न आणि वर्गणी चालूच राहील. पण संत पौल फिलिप्पै शहरात गेला तेव्हा तिथे त्याला जागा कोणी दिली होती? तो गावाबाहेर नदीकाठी गेला. तिथे काही स्त्रिया प्रार्थनेला जमल्या होत्या. त्यांतली जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी लुदिया हिने वचन मनावर घेतले आणि आपले घर उघडले (प्रेषितांची कृत्ये १६ : १३-१५). पुढे ज्या समुदायाला पौलाने आपला आनंद म्हटले, त्याची सुरुवात अशी नदीकाठी झाली. नदी आपल्याकडेही आहे. कापडाचा व्यापार तर भिवंडीचा प्राण आहे. आता लुदियासारखी दारे उघडणारी घरे हवीत.

तिसरा धडा : पेरणाऱ्याला पीक दिसेलच असे नाही

जॉर्डन पुढे युरोपात परतले. १३२९ साली पोप जॉन बाविसावे यांनी कोल्लमचे बिशप म्हणून त्यांची नेमणूक केली. पण ठाणे-सोपाऱ्यात त्यांनी लावलेले रोप? दोनशे वर्षांनी पोर्तुगीज आले तेव्हा त्याचा मागमूस उरला नव्हता. मग ते सारे कष्ट वाया गेले का?

पुढचा इतिहासही पाहा. १५३४ साली वसई पोर्तुगिजांच्या हाती गेली. किल्ल्यात उंच उंच चर्चेस उभी राहिली. त्या काळात सत्तेच्या जोरावर काही अन्याय झाले, देवळे पाडली गेली, हे आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १२ मार्च २००० रोजी ख्रिस्ती लोकांच्या हातून इतिहासात घडलेल्या अपराधांबद्दल देवाकडे जाहीर क्षमायाचना केली, त्यात आपलाही वाटा आहे. १७३९ साली चिमाजी आप्पांच्या सैन्याने वसई जिंकली. युरोपियन धर्मगुरू निघून गेले. किल्ल्यातील त्या भव्य चर्चेसचे छप्पर गेले. आज सहलीला जाऊन आपण त्यांच्या भिंतींसमोर फोटो काढतो.

पण किल्ल्याबाहेरच्या गावांतले ख्रिस्ती लोक राहिले. सत्ता गेली, तोफा गेल्या, तरी शेतात राबणारी, मासे धरणारी माणसे मराठी बोलीत प्रार्थना म्हणत राहिली. गोव्याकडच्या धर्मगुरूंनी त्यांची सेवा केली. आईने मुलाला क्रुसाची खूण शिकवली, त्या मुलाने आपल्या मुलाला. १९९८ साली वसई धर्मप्रांत स्थापन झाला आणि थॉमस डाबरे पहिले बिशप झाले, ते याच न तुटलेल्या साखळीमुळे. त्याआधी दहा वर्षे, १९८८ साली, केरळच्या परंपरेतील आपल्या बांधवांसाठी कल्याणला सिरो-मलबार धर्मप्रांत स्थापन झाला. सहाव्या शतकात जिथे बिशप असल्याची नोंद सापडते, त्या कल्याणात तब्बल चौदाशे वर्षांनी पुन्हा बिशपांचे आसन आले. पेरले ते मेले असे माणसाला वाटले. देवाच्या वहीत मात्र हिशेब चालूच होता.

करिंथच्या मंडळीतही असेच गट पडले होते. पौलाने त्यांना समजावले, की एकाने लावले, दुसऱ्याने पाणी घातले, पण वाढ देवाने दिली (१ करिंथ ३ : ६-७). लावणारे जॉर्डन असोत की आपण, वाढ आपल्या हातात नाही. आपल्या हातात आहे ते आजचे पाणी घालणे.

मग मावशींना काय सांगायचे?

मावशी, तुमच्या डोळ्यांदेखत इमारत उभी राहील की नाही, हे आम्हाला माहीत नाही. तसे वचन दिले तर ते खोटे ठरू शकेल. पण जे माहीत आहे ते सांगतो. तुम्ही दर शुक्रवारी गुडघे दुखत असताना तीन जिने चढून रोझरीला जाता. तुमच्या शेजारी बसून एक सहा वर्षांची मुलगी 'नमो मरीये' पाठ करू लागली आहे. चर्च तिथे सुरू झाले आहे, आणि ते तुमच्या डोळ्यांदेखत झाले आहे.

आपल्या गावाचे नाव कोन. आपल्या भाषेत कोन म्हणजे दोन भिंती जिथे एकमेकींना भेटतात ती जागा. त्या जागी बसवलेल्या दगडाला आपण कोनशिला म्हणतो. बांधणाऱ्यांनी नाकारलेला दगडच कोनशिला झाला, असे स्तोत्रकार सांगतो (स्तोत्र ११८), आणि संत पेत्र सांगतो की तो दगड म्हणजे ख्रिस्त, आणि आपण सारे त्याच्यावर रचले जाणारे जिवंत दगड (१ पेत्र २ : ४-७). हॉल नाकारला गेला, त्या दिवशी आपण निराश झालो होतो. पण नाकारल्या गेलेल्याचीच आपण उपासना करतो, हे त्या दिवशी आपल्या लक्षात आले नाही.

म्हणून या रविवारपासून तीन गोष्टी करू या. प्रत्येक कुटुंबाने महिन्यातून एक शुक्रवार आपले घर रोझरीसाठी उघडावे. घर एका खोलीचे असले तरी चालेल. ज्याच्याशी बोलणे तुटले आहे त्याच्याकडे मिस्सेआधी आपण होऊन जावे. आणि कल्याणला जाणाऱ्या कुटुंबांना टोमणा न मारता, महिन्यातून एक रविवार तरी इथे या, मुलांना गाणी शिकवायला आम्हाला तुमची गरज आहे, असे सांगावे. खुर्च्या मांडायला मिस्सेच्या अर्धा तास आधी चार हात हवे आहेत, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

प्रार्थना करू या : हे प्रभू येशू, ठाण्याच्या पंधरा घरांत तू होतास, फिलिप्पैच्या नदीकाठी होतास, आमच्या भाड्याच्या गाळ्यातही तूच आहेस. आमची घरे शांतीची कर. थकलेल्यांना बळ दे. आम्हाला पीक दिसो वा न दिसो, पेरणी सोडून जाऊ देऊ नकोस. तूच आमची कोनशिला हो. आमेन.