क्षणाचा दाखला

भद्रावतीचे पार्श्वनाथ मंदिर आणि त्याच गावची विजासन टेकडीतील बौद्ध लेणी ही चंद्रपूर जिल्ह्यातील दोन स्थाने परस्परांपासून फार दूर नाहीत. आणि वस्तूविषयी ‘आहे’ किंवा ‘नाही’ असा तडकाफडकी निकाल देण्यापूर्वी बुद्धीने थबकावे, ही शिकवण जैन व बौद्ध या दोन्ही परंपरांनी आपापल्या रीतीने दिलेली असल्यामुळे, एका आधुनिक प्रयोगाचे चिंतन या परिसरात करणे मला अप्रस्तुत वाटत नाही.

2005 साली गेरहार्ट पाउलुस, फेरेन्स क्राउस प्रभृती संशोधकांनी आर्गॉनच्या अणूंवर लेसरचे असे स्पंद सोडले, की ज्यांत विद्युत्क्षेत्राची अवघी काही आंदोलनेच मावतात. आंदोलन शिखरावर पोचते त्या सुमारास, अ‍ॅटोसेकंदांत मोजाव्या लागणाऱ्या अवधीत, इलेक्ट्रॉन अणूतून सुटतो; एक हजार अ‍ॅटोसेकंद एकत्र मिळवले की कुठे एक फेमटोसेकंद भरतो, आणि असे स्पंद स्वतः काही फेमटोसेकंदांचेच असतात. एखाद्या दिशेला जाण्यासाठी सुटकेची अशी एकच वेळ उपलब्ध असेल, तर इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेचा आलेख सलग येतो. दोन वेळा उपलब्ध असतील, तर त्या दोन शक्यतांच्या लहरी एकमेकींत मिसळून आलेखावर चढउतारांचे पट्टे उमटतात. आंदोलनाची कला (फेज) किंचित सरकवली, की हे पट्टे उमटवता येतात व पुसताही येतात. इतकेच नव्हे, तर एकाच स्पंदाने ते एका बाजूस दिसावेत आणि विरुद्ध बाजूस दिसू नयेत, अशीही तजवीज करता येते.

गडचिरोलीच्या रानात सागवान तोडले गेले, वनरक्षक पंचनाम्यास उशिरा पोचला आणि साक्षीदारही मिळाला नाही, तरी ते झाड अमुक एका घटकेला पडले याविषयी कोणी शंका घेत नाही; तेथे दाखला नसतो, घटना असते. पट्टे उमटवणाऱ्या इलेक्ट्रॉनाची गोष्ट निराळी आहे. तो पहिल्या क्षणी सुटला की दुसऱ्या, हा प्रश्न केवळ आपल्या अज्ञानामुळे अडलेला नाही. कारण एक क्षण खरा आणि दुसरा निव्वळ खोटा असता, तर पट्टे उमटलेच नसते.

अशा ठिकाणी जैनांचा स्याद्वाद आठवतो; त्याच्या सात भंगांत, म्हणजे विधान करण्याच्या सात रीतींत, ‘अवक्तव्य’, म्हणजे शब्दांत न सांगता येणारे, हा एक भंग आहे, आणि प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी 1954 साली संख्याशास्त्राच्या पायाविषयी लिहिताना स्याद्वादाकडे विद्वानांचे लक्ष वेधले होते. प्राचीन आचार्यांना इलेक्ट्रॉन ठाऊक होता, असे मात्र मी म्हणणार नाही; तसे म्हणण्याने आचार्यांचाही गौरव होत नाही आणि प्रयोगकर्त्यांचाही. आचार्यांपाशी घेण्यासारखी गोष्ट आहे ती वाणीची शिस्त: जेवढे पाहिले तेवढेच, ज्या दृष्टीने पाहिले त्या दृष्टीनेच सांगणे.

म्हणूनच, विज्ञानाने जग ही माया असल्याचे सिद्ध केले, हा अलीकडे प्रवचनांतून ऐकू येणारा दावा मला ग्राह्य वाटत नाही. येथील अनिश्चितता गणिताला बांधलेली आहे, मनुष्याच्या हाताने नियंत्रित होणारी आहे, आणि याच क्षेत्रातील, अ‍ॅटोसेकंदांच्या प्रकाशस्पंदांवरील कार्याबद्दल क्राउस यांना 2023 साली नोबेल पारितोषिकही मिळाले आहे. श्रद्धेला अशा उसन्या प्रमाणाची गरज नाही. प्रवचनकारांना माझी कळकळीची विनंती आहे, की त्यांनी प्रयोगाला सिद्धांताचा साक्षीदार म्हणून उभे करण्यापूर्वी त्यात नेमके काय मोजले गेले, ते समजून घ्यावे.