पाणी पाजणारा हात

‘सहकार बुडाला, कारण माणूस मुळात स्वार्थी,’ हे हल्ली कुठल्याही परिसंवादात ऐकू येते. पुरावा म्हणून बुडालेल्या साखर कारखान्यांची नावे पुढे केली जातात. कारखाने बुडाले हे खरेच. पण चार बड्यांनी सभासदांना लुबाडले, एवढ्यावरून सभासदांना एकत्र येताच येत नाही, हे कसे सिद्ध होते? चोरी झाली म्हणून घर बांधणेच चूक ठरत नाही.

या मंडळींचा आधार म्हणजे गॅरेट हार्डिन यांचा १९६८चा लेख. कुरण सामायिक असले की प्रत्येक गुराखी आणखी एक जनावर सोडतो आणि शेवटी कुरण उजाड होते. पण या कुरणावरचे गुराखी एकमेकांशी अवाक्षर बोलत नाहीत. असे गाव असते कुठे? ज्या सामायिक मालमत्तेची काहीच व्यवस्था नसते, तिलाच आपले म्हणणे लागू पडते, हे हार्डिन यांनी पुढे स्वतः मान्य केले. ती कबुली कुणी सांगत नाही, याचा मला राग येतो. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरची कुरणे, जंगले, पाट तपासून लोक नियम करतात आणि पाळतात हे दाखवले. २००९ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

आपल्याला इतके लांब जायचीही गरज नाही. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धत शेकडो वर्षे चालली. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट आणि पाटाखालच्या शिवाराचे फड. एका फडात सगळ्यांचे पीक एकच. ऊस तर सगळ्यांचा ऊस. पुढे फेरपालट. पाणी पाजायचे ते मालकाने नव्हे, त्यासाठी नेमलेल्या माणसाने. शेत कुणाचे हे न बघता तो ओळीने भिजवत जाणार. त्याचा मोबदला सगळ्यांनी मिळून द्यायचा, म्हणून तो कुणा एकाचा मिंधा नाही. पाट साफ करायलाही सगळ्यांनीच उतरायचे. पाऊस कमी झाला की एखादा फड कोरडा ठेवायचा. बहुतेकांची जमीन थोडीथोडी प्रत्येक फडात, त्यामुळे झळ सगळ्यांनाच. आपल्यापुरते पाणी वाचवायची सोय मोठ्या शेतकऱ्यालाही नाही. इथे कुणी साधुसंत असावा लागत नाही. बलवानाचे हित दुबळ्याच्या हिताला बांधून ठेवले की पुरते.

मात्र इथवर आल्यावर फडाची बाजू मला पूर्ण घेववत नाही. ज्याच्याकडे जमिनीचा तुकडाच नाही, त्याचा फडात वाटा काय? मजुरी, बस्स. जमीनवाल्यांनी आपसात केलेला न्याय तेवढ्यावर थांबतो.

ही गाठ सोडवली विलासराव साळुंखे यांनी. १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात त्यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या एकरांवर नाही, घरातल्या माणसांवर: माणशी अर्धा एकर भिजेल एवढे, कुटुंबाला फार तर अडीच एकरांपुरते. भूमिहीनालाही हक्क. पाणी हवे तर ऊस लावायचा नाही. साखरेच्या या राज्यात हा नियम करायला छाती लागते. माझ्या मते महाराष्ट्राने मांडलेला सहकाराचा सर्वांत पुढचा विचार तो हाच, आणि आपण तो पुरंदरच्या माळावरच सोडून दिला.

आज गावोगाव ज्याची ऐपत तो बोअर आणखी खोल नेतो आणि शेजाऱ्याची विहीर आटते. हार्डिन यांचे कुरण आहे ते इथे, जमिनीच्या पोटात. पण अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घ्यायलाच मनाई केली. पाऊस किती झाला याचा हिशेब मांडून कोणते पीक घ्यायचे, हे तिथे दरवर्षी गाव मिळून ठरवते.