पाहणाऱ्याचे देणे

‘चित्रांतले आपल्याला काही कळत नाही बुवा!’ असे सांगणारी माणसे आपल्याकडे पुष्कळ. गाण्यातलेही त्यांना फारसे कळत नसते. पण मैफलीला ती जातात, पुढची जागा धरतात आणि समेवर मान डोलावतात. चित्रप्रदर्शनाच्या दारात मात्र हीच माणसे अडखळतात. आपण येथे उपरे, कुणी काही विचारले तर फजिती व्हायची, अशी धास्ती त्यांना वाटते.

वास्तविक दार उघडेच असते. मुंबईत काळ्या घोड्याजवळ १९५२ साली सुरू झालेली जहांगीर आर्ट गॅलरी घ्या. आत जायला तिकीट लागत नाही. पाऊस चुकवायला आडोशाला शिरलेला माणूसदेखील तेथे प्रेक्षकच ठरतो. आत भिंतीवर चित्रे आणि जवळच एका खुर्चीवर ती काढणारा बसलेला. या जागेसाठी त्याने कित्येक वर्षे वाट पाहिलेली असते, भाडे भरलेले असते आणि पदरात पडतो जेमतेम एक आठवडा. चित्र विकले गेले की त्याच्या पाटीवर लाल ठिपका लावतात. पुष्कळांच्या वाट्याला आठवडा संपेपर्यंत एकही ठिपका येत नाही.

अशा माणसाच्या टेबलावर अभिप्रायाची वही असते, आणि खरा प्रश्न त्या वहीपाशी उभा राहतो. न कळलेल्या चित्राबद्दल काय लिहावे? कुणी म्हणेल, ‘फारच सुंदर’ असे दोन शब्द लिहिले तर बिघडले कुठे? पाहुणा अळणी आमटीलाही छान म्हणतोच की! पण पाहुण्याचे ते दाद देणे आमटीला नसते, यजमानाच्या अगत्याला असते. चित्रकाराने आपल्याला जेवायला बोलावलेले नाही. ‘मला दिसले ते तुम्हांला दिसते का?’ एवढेच त्याने विचारले आहे. खोट्या स्तुतीने त्याला उत्तर मिळत नाही; तो होता तसाच एकटा राहतो.

याच्या उलट, ‘असले आमचा बंड्यासुद्धा काढील’ म्हणणारा स्वतःला मोठा स्पष्टवक्ता समजतो. पण दहा पावलांवरून, चालता चालता दिलेला हा निवाडा तरी खरा कसा मानावा? भाबडी स्तुती आणि ही टवाळी वरवर परस्परविरुद्ध दिसतात. मुळात दोन्ही चित्रासमोर उभे राहण्याचे टाळण्याच्या युक्त्या आहेत.

तिसरी युक्ती किमतीची. वासुदेव गायतोंडे यांनी १९७९ साली काढलेले एक चित्र २०१३ च्या डिसेंबरात मुंबईच्या लिलावात २३ कोटी ७० लाख रुपयांना गेले. चित्रकार २००१ मध्येच निवर्तले होते. मधल्या चौतीस वर्षांत कॅनव्हासवरचा रंग काही बदलला नव्हता. आकडा ऐकून जो आज मान डोलावतो, त्याने चित्र पाहिले असे कसे म्हणावे?

मग उपऱ्याने करावे काय? दिवाळीत शेजारणीच्या दारात ठिपक्यांची रांगोळी दिसते. तिचा अर्थ कुणी विचारीत नाही. आपण थांबतो, रेघ कोठून निघाली आणि कोठे मिळाली ते डोळ्यांनी शोधतो, आणि पाय न लागेल अशा बेताने पुढे जातो. हे पाहणे आपल्याला कुणी शिकवलेले नाही. तेवढेच घेऊन प्रदर्शनात शिरावे. सगळी भिंत पाहिलीच पाहिजे असे नाही. एका चित्रापुढे पाच मिनिटे उभे राहावे. त्यानंतर ‘मला कळले नाही’ म्हणण्याचा अधिकार येतो, आणि त्यात कमीपणा नाही. ‘कोपऱ्यातल्या त्या निळ्या रंगापाशी पाय थबकले, का, ते सांगता येत नाही’ हेही खरे असेल तर वहीत जरूर लिहावे.

जाणकाराने चित्राला जोखावे; ते त्याचे काम. उपऱ्याकडे कसोटी नसते, पण वेळ असतो आणि खरे बोलण्याची मोकळीक असते. घरातदेखील मुलाने काढलेले चित्र, सुनेने केलेला पदार्थ, म्हाताऱ्यांनी सांगितलेली आठवण आपण ‘छान, छान’ म्हणून किती चटकन बाजूला सारतो! माणसाला आपल्याकडून हवी असते ती निवांत नजर. तिला तिकीट नाही; म्हणूनच बहुधा ती द्यायची राहून जाते.