घरच्या माणसांचा दरबार

पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ नावाची एक सचित्र फारसी पोथी आहे. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची स्तुती करणारे हे काव्य आफताबी नावाच्या कवीने 1565 च्या सुमारास रचले. तालिकोटच्या लढाईत विजयनगरचा पाडाव झाला, ते हेच वर्ष. पोथीतल्या चित्रांत सुलतान सिंहासनावर बसला आहे आणि त्याला खेटून त्याची बेगम खुंझा हुमायून बसलेली होती. ‘होती’ म्हणायचे, कारण पुढे कुणीतरी बहुतेक चित्रांमधून तिच्यावर रंग फासून तिला पुसून टाकले.

तालिकोटनंतर काही महिन्यांतच हुसेन वारला. मुलगा मुर्तझा लहान होता, म्हणून खुंझा हुमायूनने कारभार हाती घेतला आणि सुमारे सहा वर्षे चालवला. धाडसी बाई होती. स्वतः घोड्यावर बसून फौजेबरोबर जाई. पण दरबारात तिला भरवसा कुणाचा? जुने सरदार तिला मोजत नव्हते. तिने आपले भाऊ ऐन-उल-मुल्क आणि ताजखान यांना वर आणले, जहागिरी दिल्या, माहेरच्या माणसांचे कडे स्वतःभोवती उभे केले. विजापूरचे सैन्य निजामशाहीचा मुलूख घेऊ लागले तेव्हा दरबारात एकच बोलणे सुरू झाले: राज्य निजामशहाचे की मामांचे? मुर्तझा वयात आला, असंतुष्ट सरदार त्याला मिळाले, आणि पोटच्या मुलाने आईला कैद केले. चित्रांतले तिचे पुसले जाणे अभ्यासक या पतनाशी जोडतात.

निजामशाहीचा इतिहास वाचताना मी या प्रसंगापाशी पुन्हा पुन्हा थांबतो. एकट्याच्या हाती सत्ता एकवटली की तो भाऊ, मेहुणे, मुलगे, जावई जवळ का ओढतो? त्यातून त्याला काय मिळते आणि राज्याला काय भोगावे लागते? आजच्या काळात अनेक देशांतल्या राष्ट्राध्यक्षांच्या महालांत हेच चालते. पण प्रश्न जुना आहे, त्यावर विचार करणारेही जुने आहेत, आणि त्यांची उत्तरे नगरच्या मातीत एकामागून एक तपासून पाहिली गेली आहेत.

कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या पहिल्याच अधिकरणात अमात्य कुणाला नेमावे यावर आचार्यांचा वाद आहे. एक म्हणतो, बरोबर शिकलेल्यांना नेमा, त्यांचा स्वभाव राजाला ठाऊक असतो. दुसरा म्हणतो, गुपिते माहीत असलेल्यांना नेमा, ते भीतीपोटी द्रोह करणार नाहीत. कौणपदंत म्हणतो, वाडवडिलांपासून घराशी बांधलेल्यांना नेमा, ते सोडून जात नाहीत. त्यावर वातव्याधीचा आक्षेप आहे की असे लोक सगळे आपल्या ताब्यात घेऊन स्वतःच धनी होऊन बसतात. त्यापेक्षा नवी माणसे बरी. प्रत्येक आचार्य निष्ठा शोधतो आहे आणि प्रत्येकाला दुसऱ्याच्या निष्ठेतली भेग दिसते आहे. कौटिल्य वाद मिटवतो तो कामावर बोट ठेवून: माणसाची योग्यता त्याच्या कामावरून ठरते. हाच ग्रंथ पुढे राजाला स्वतःच्या पुत्रांपासून कसे जपावे याचे वेगळे प्रकरण देतो. म्हणजे घरच्या माणसाचा आधार आणि घरच्या माणसाचे भय, दोन्ही एकाच अधिकरणात आले आहेत.

इब्न खल्दूनने 1377 मध्ये ‘मुकद्दिमा’ लिहिताना यात काळाचा हिशेब घातला. त्याचे म्हणणे असे की राज्य उभे राहते ते रक्ताच्या एकजुटीवर. टोळीतले भाऊबंद एकमेकांसाठी मरायला तयार असतात म्हणून एकजण सुलतान होतो. पण गादीवर बसला की त्याला तेच भाऊबंद नको होतात, कारण त्यांना वाटा हवा असतो. मग तो त्यांना दूर सारतो, पदरचे आणि भाडोत्री लोक जवळ करतो, आणि तीन-चार पिढ्यांत ते राज्य पोखरले जाते. दक्खनची निजामशाही त्याच्यानंतर शंभरेक वर्षांनी जन्मली. तरी तिची पाने चाळताना त्याचे विवेचन डोळ्यासमोर घडत असल्यासारखे वाटते.

आईला कैद करणारा मुर्तझा घरच्यांना दुरावला आणि परक्यांवरही विश्वास ठेवू शकला नाही. त्याचा पेशवा चंगीझखान हा मूळचा हबशी गुलाम, अत्यंत कर्तबगार. त्याच्याच काळात, 1574 मध्ये, वऱ्हाड निजामशाहीत आले. पण त्याला स्वतःचे राज्य हवे आहे असे मर्जीतल्या एकाने सुलतानाच्या कानात भरवले आणि मुर्तझाने त्याच्याकडे विष पाठवले. ते त्याने निमूटपणे घेतले, असे इतिहासकार फेरिश्ता सांगतो. मुर्तझा पुढे महालात कोंडून घेऊन राहू लागला. मुलगा मिरान हुसेन आपल्याला मारील या भयाने त्याने मुलालाच मारण्याचा प्रयत्न केला. मुलगा वाचला, आणि 1588 मध्ये त्याने बापाला हमामखान्यात कोंडून मारले. फेरिश्ता त्या वेळी नगरच्याच दरबारी चाकरीत होता, हे सगळे त्याने जवळून पाहिले. मिरान हुसेनने गादीवर येताच घराण्यातल्या पुरुषांची कत्तल केली. वर्षाच्या आतच त्याचेही डोके उडवले गेले.

वीस-पंचवीस वर्षांतला हा क्रम आहे: आई, मामा, बाप, मुलगा, चुलते. या घराण्यात चांदबीबीही होती, हे विसरू नये. हुसेन आणि खुंझा हुमायूनची ही मुलगी विजापूरची सून होती, विधवा होऊन माहेरी आली आणि 1595-96 च्या वेढ्यात तिने अकबराच्या मुलापासून नगरचा किल्ला वाचवला. नात्याची निष्ठा कुठवर जाऊ शकते याचे तिच्याहून मोठे उदाहरण मला ठाऊक नाही. रक्ताचे नाते खोटे असते असे मी म्हणत नाही. चांदबीबी खरी होती. पण तिला 1600 मध्ये तिच्याच सैनिकांनी मारले, कारण ती फितूर झाली अशी वदंता उठली. ती वदंता तपासायला कुणी नव्हते, जागा नव्हती, रीत नव्हती.

भाऊबंदांचा भरवसा नाही, तर मग ज्याला भाऊबंदच नाहीत असा माणूस शोधावा, हा त्या काळचा दुसरा तोडगा. ऑटोमन सुलतानांनी तो मोठ्या प्रमाणावर वापरला, दक्खनेत त्याचे नाव हबशी. समुद्रापलीकडून विकत आणलेल्या माणसाला इथे गोत नाही, वतन नाही, मामा-मेहुणे नाहीत. तो धन्याशिवाय जाईल कुठे? चंगीझखानाने विकत घेतलेला असाच एक गुलाम म्हणजे मलिक अंबर. बुडालेली निजामशाही त्याने पाव शतक उभी धरली, जमीनमहसुलाची घडी बसवली, 1624 मध्ये नगरजवळच्या भातवडीला मोगल आणि विजापूर या दोघांना एकत्र हरवले. तोडगा खरा ठरला असे वाटावे, इतका हा माणूस मोठा.

पण बिनगोताच्या माणसालाही पुढे घर होते. 1626 मध्ये अंबर गेला आणि त्याची जागा मुलगा फत्तेखान याच्याकडे गेली. निजामशहाने त्याला कैदेत टाकले, मग गरज पडली म्हणून सोडले. सुटल्यावर फत्तेखानाने निजामशहालाच कैद करून मारले आणि एका पोराला गादीवर बसवले. 1633 मध्ये दौलताबाद मोगलांच्या हाती गेले. मधल्या काळात, 1629 मध्ये, लखुजी जाधवराव आणि त्यांचे मुलगे निजामशाही दरबारातच मारले गेले. जिजाबाईंचे माहेर त्या एका दिवसात उजाड झाले. शिवाजी महाराज त्यानंतर वर्षभरातच जन्मले, आणि या घरात दरबारी संशयाच्या कथा किती वेळा सांगितल्या गेल्या असतील याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

मोगल तरी वेगळे होते का? भिंगारला 1707 मध्ये औरंगजेब वारला. बापाला कैदेत टाकून, भावांना संपवून आलेला हा बादशहा आयुष्यभर मुलांना घाबरला. थोरला मुलगा कैदेत मेला, मुअज्जमने आठेक वर्षे बंदिवास भोगला, शहजादा अकबर बंड करून संभाजीराजांच्या आश्रयाला आला. शेवटच्या दिवसांत औरंगजेबाने आझमला माळव्याकडे आणि कामबक्षला विजापूरकडे धाडले, म्हणजे मरणाच्या बाजेशी दोघे लढू नयेत. आझम फार लांब गेलाच नाही. परत फिरला, नगरातच बादशाही पुकारली आणि चार महिन्यांत जाजौच्या लढाईत पडला.

एवढे सगळे वाचून मला वाटू लागले की निष्ठावान कोण, हा प्रश्नच चुकीच्या जागी विचारला जातो. मामा निष्ठावान होते की नव्हते, याने निजामशाहीचे फारसे बिघडले नसते. बिघडले ते यामुळे की मामांना दूर करायचे तर आईलाच कैद करावे लागले. नातलगाला पद दिले की पद आणि नाते यांची गाठ बसते. मग कारभार वाईट झाला म्हणून त्याला काढणे हे घर मोडणे होते, आणि त्याच्याविरुद्ध बोलणे हा धन्याचा अपमान होतो. बाकीचे सगळे त्या दिवसापासून गप्प होतात.

चौंडीच्या अहिल्यादेवींची गोष्ट इथे विचार करायला लावते. 1725 मध्ये जामखेड तालुक्यातल्या या गावी जन्मलेली मुलगी होळकरांची सून झाली. 1754 मध्ये पती खंडेराव कुंभेरला पडले, 1766 मध्ये मल्हारराव गेले, 1767 मध्ये मुलगा मालेराव. दिवाण गंगाधर चंद्रचूड यांनी राघोबादादांच्या मदतीने दत्तकाचा डाव मांडला, तो अहिल्यादेवींनी उधळला. पुढे त्यांनी जी व्यवस्था पत्करली ती मला फार महत्त्वाची वाटते. लष्कर तुकोजी होळकरांकडे दिले; ते होळकरच, पण मल्हाररावांच्या जवळच्या नात्यातले नव्हते. खजिना आणि मुलकी कारभार महेश्वरी स्वतःकडे ठेवला. पैशांवरून दोघांचे सतत खटके उडत, तक्रारी पुण्यापर्यंत जात. ही ओढाताण अनेकांना दुबळेपणा वाटते. मला त्यात त्या राज्याचे आरोग्य दिसते: तलवार धरणाऱ्याला हिशेब मागणारे कुणी होते, आणि ते मागितल्याने रक्त सांडत नव्हते. ही घडी त्यांच्या स्वभावावर उभी होती, लिहिलेल्या नियमावर नव्हती. 1795 मध्ये त्या गेल्या, 1797 मध्ये तुकोजी, आणि लगेच तुकोजींचे मुलगे एकमेकांवर उठले.

विसाव्या शतकात संविधाने आली, लेखापरीक्षक आले, न्यायालये आली. तेव्हा घरच्या माणसाचे काम बदलले. पूर्वी तो धन्याला खंजिरापासून वाचवायला हवा असे. आता तो नियमांना वळसा घालायला हवा असतो. इराकमध्ये सद्दाम हुसेनने तिक्रितच्या आपल्या गोतावळ्याच्या हाती गुप्तहेर खाते, सैन्य, शस्त्रास्त्रे दिली. सावत्र भाऊ, चुलत भाऊ, जावई. 1995 च्या ऑगस्टमध्ये शस्त्रकार्यक्रम सांभाळणारा जावई हुसेन कामेल धाकट्या भावासह, दोघांच्या बायका म्हणजे सद्दामच्याच मुली घेऊन, जॉर्डनला पळाला. माफीच्या भरवशावर दोघे फेब्रुवारी 1996 मध्ये परतले आणि काही दिवसांत आपल्याच कुळाच्या हातून मारले गेले. नगरच्या हमामखान्यापासून हे फार दूर नाही.

आपल्याकडचा अनुभव रक्तपाताचा नव्हता, पण तो आपला आहे. नगरच्या किल्ल्यात 1942 ते 1945 च्या बंदिवासात पंडित नेहरूंनी भारताचा शोध घेणारा ग्रंथ लिहिला. तीस वर्षांनी त्यांच्याच कन्येने आणीबाणी लादली आणि कुठलेही पद नसलेला मुलगा कारभार चालवू लागला. ‘घटनाबाह्य सत्ताकेंद्र’ हा शब्द मराठी वृत्तपत्रांच्या वाचकांना त्या काळाने दिला. इंद्रकुमार गुजराल यांच्याकडचे माहिती खाते आणीबाणी लागताच काढून घेतले गेले. मुलाच्या मारुती मोटार प्रकल्पाला विरोध करणारे बाईंचे माजी सचिव पी. एन. हक्सर यांच्या वृद्ध काकांच्या दिल्लीतल्या दुकानावर धाडी पडल्या. 1976-77 या एका वर्षात देशात 80 लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. लोकांवर काय गुजरते आहे हे बाईंना सांगू शकणारी माणसे होती, पण सांगायचे म्हणजे मुलाविरुद्ध सांगायचे. शेवटी मार्च 1977 मध्ये मतदारांनीच ते सांगितले. आई रायबरेलीत हरली, मुलगा अमेठीत.

श्रीलंकेचे उदाहरण नगरच्या शेतकऱ्याला चटकन कळेल. राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे, पंतप्रधान थोरले भाऊ महिंदा, 2021 पासून अर्थमंत्री बासिल, पाटबंधारे खाते चमल यांच्याकडे. एप्रिल 2021 मध्ये रासायनिक खतांवर एकाएकी बंदी आली. भाताचे पीक कोसळले, चहा खालावला, आणि काही महिन्यांतच सरकारला माघार घ्यावी लागली. शेतीतज्ज्ञांनी आधीच धोका सांगितला होता. पण चार भावांच्या मंत्रिमंडळात ‘हे चुकते आहे’ असे म्हणून कुणाची खुर्ची टिकणार होती? जुलै 2022 मध्ये राष्ट्राध्यक्षांना देश सोडून पळावे लागले.

आपला नगर जिल्हा सोयऱ्याधायऱ्यांच्या राजकारणासाठी महाराष्ट्रभर ओळखला जातो. त्याला हुकूमशाही म्हणणे अन्याय ठरेल. इथे निवडणुका होतात आणि मोठी घराणी त्यात हरतातही. 2024 मध्ये लोकसभेला आणि विधानसभेला दोन्ही वेळा ते दिसले. मतपेटी एवढे करते. पण कारखाना, बँक, पतसंस्था, शिक्षणसंस्था, दूध संघ इथे मतपेटी रोज नसते. लोणीला 1950 मध्ये सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा विठ्ठलराव विखे पाटलांनी पहिले अध्यक्षपद अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्याकडे दिले. ना नात्याचे, ना गावचे. हिशेब समजणारा आणि तोंडावर नाही म्हणू शकणारा माणूस त्यांना हवा होता. सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात आपल्या जिल्ह्यात अशी झाली.

म्हणून अशा संस्थांच्या सभासदांना एवढेच सांगणे आहे. वार्षिक सभेत अहवाल मंजूर करण्याआधी उठून विचारा की या संस्थेतल्या कुणाचे काम चुकले तर त्याला काढण्याचा अधिकार कुणाला आहे, आणि तो अधिकार गेल्या काही वर्षांत एकदा तरी वापरला गेला आहे का. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.