आभाळाला कशाला शिव्या देताय?

पुरे झालं. ‘सर, बेळगावची हवा पूर्वीसारखी राहिली नाही हो’ हे रडगाणं माझ्यासमोर गाऊ नका. कुणी घालवली ती हवा? शेतात प्लॉट पाडले तुम्ही. विकत घेतले तुम्ही. अंगणातला आंबा पानं पाडतो म्हणून तोडला तुम्ही, आणि वर फरशी घातली. आता एसी लावून ‘गरिबांचं महाबळेश्वर गेलं’ म्हणून उसासे टाकताय!

2019 चा ऑगस्ट विसरलात? घराघरांत पाणी शिरलं तेव्हा म्हणालात, आभाळ फाटलं. या गावात वर्षाला 1,200 मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, हे शाळेत पाठ केलं होतंत ना? ते पाणी बळ्ळारी नाल्यातून मार्कंडेय नदीकडे जातं, हेही ठाऊक होतं. मग नाल्याच्या काठावर घर बांधताना पाण्याने कुठून जावं असं ठरवलं होतंत? तुमच्यात इंजिनिअर आहेत, काँट्रॅक्टर आहेत. अडाणी माणसाने केलं असतं तर मी गप्प बसलो असतो.

त्याच नाल्यात गाळ, जलपर्णी आणि तुमच्या संडासाचं पाणी. जोराचा पाऊस झाला की ते सगळं शहापूर, वडगाव, अनगोळच्या शिवारात पसरतं आणि शेतकरी कुजलेलं भात बघत बांधावर उभा राहतो. आणि तुम्ही? पाहुण्यांना ‘बेळगाव बासमतीचा वास बघा’ म्हणून ताटं वाढता. त्या काळ्या मातीतून हलगा-मच्छे बायपास काढायला मशिनं आली तेव्हा शेतकरी आडवे झाले, कोर्टात गेले. तुमच्यापैकी किती जण तिथे फिरकले? ‘तो त्यांचा प्रश्न आहे, सर.’ शहराचं पाणी मुरवणारी जमीन जाते आणि प्रश्न त्यांचा?

जानेवारी 2016 मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत नाव आलं, छाती फुगली. पुढे रस्ते सिमेंटचे झाले, पेव्हर ब्लॉक झाडाच्या बुंध्याला जाऊन भिडले. श्वास कुठून घ्यायचा त्या झाडाने? टिळकवाडीतला व्हॅक्सीन डेपो, जिथे एकेकाळी देवीची लस तयार व्हायची, तिथली गर्द झाडी तरी सोडायची! तिथेही बांधकामं घुसली. मूठभर माणसं हायकोर्टापर्यंत भांडली. तुम्ही रोज पहाटे तिथेच फिरायला जाता, फुकटचा प्राणवायू घेता आणि घरी येऊन पेपर उघडता. सही मागायला आले होते तेव्हा कुठे होता?

आणि ते सगळ्यात लाडकं कारण: ‘महापालिका आपलं मराठी माणसांचं ऐकत नाही, आधी सीमाप्रश्न सुटू दे.’ सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. निकाल लागेपर्यंत नाल्यात कचरा टाकायची मुभा कोर्टाने दिली आहे काय? मराठी पाटीसाठी तुम्ही लाठ्या खाल्ल्यात, त्याचा मला अभिमान आहे. म्हणूनच जास्त चीड येते. शिवजयंतीला रात्रभर चित्ररथ काढणारी मंडळं तुमची. माणसं आहेत, वर्गणी आहे, शिस्त आहे. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात रयतेच्या आंब्याफणसाला हात लावू नका म्हणून बजावलं, ते एखाद्या चित्ररथावर दाखवायला सुचलं नाही कधी?

निपाणीकरांनो, तुम्ही गालात हसू नका. 2019 ला आणि पुन्हा 2021 ला यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी महामार्गावर आलं, पुणे-बंगळूर वाहतूक अडकली. दोन्ही वेळा तुम्ही काय केलंत? मोबाइलवर व्हिडिओ काढलेत.

आता उन्हाळ्याचं बोलू. 2023 च्या जूनमध्ये पाऊस लांबला, राकसकोप जलाशयाचा तळ दिसायला लागला आणि टँकरमागे धावताना तुमची तोंडं सुकली. अरे, 1924 च्या काँग्रेस अधिवेशनासाठी या गावाने विहीर खणली. अधिवेशन बेळगावात एकदाच झालं, विहीर अजून आहे. तुमच्या आजोबांच्या परड्यातही विहीर होती. तिचं काय केलंत? बुजवून वर पार्किंग!

गणित येतं ना? हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर 1,200 मिलीमीटर पाऊस म्हणजे वर्षाला लाखाच्या वर लिटर पाणी. ते पाइपाने गटारात सोडता आणि एप्रिलमध्ये पैसे मोजून टँकर मागवता. पदवी कुणी दिली तुम्हाला?

गृहपाठ देतो. आपल्या स्लॅबचं माप काढा. ते पाणी कुठे जातं ते शोधा. बुजवलेली विहीर कुठे होती ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. आणि गल्लीतल्या झाडाभोवतीचे ब्लॉक हातभर उचलायचा अर्ज महापालिकेत देऊन पोच घेऊन या. येत्या रविवारी सगळं तपासणार आहे. ‘सर, लग्न होतं’ चालणार नाही. मुहूर्त मलाही ठाऊक आहेत.