ऐकणारे आणि ठरवणारे

बहुराष्ट्रीय कंपन्यांतल्या मनुष्यबळ व्यवस्थापनाची चर्चा आपल्याकडे हल्ली एकाच खुंटीला टांगलेली असते: संस्कृती. भारतीय माणूस साहेबाला 'नाही' म्हणत नाही, जपानी साहेब मोघम बोलतो, अमेरिकी साहेब तोंडावर बोलतो. एवढं शिकवलं की जागतिकीकरणातला माणूस सांभाळता येतो, असा एकूण समज.

या विचाराचे मूळपुरुष गेअर्ट हॉफस्टेड. 1967 ते 1973 या काळात आयबीएमच्या देशोदेशीच्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांवर त्यांचा 1980 सालचा ग्रंथ उभा आहे. वरिष्ठांशी असलेलं अंतर मान्य करण्याच्या त्यांच्या मोजपट्टीवर भारताला 77 गुण, अमेरिकेला 40. एका कंपनीच्या नोकरदारांवरून खंडप्राय देशाचा स्वभाव! गंमत म्हणजे ग्रंथ निघाला तेव्हा आयबीएमने भारतातून गाशा गुंडाळला होता. परकीय चलन कायद्याप्रमाणे भांडवलातला हिस्सा कमी करायला ती तयार नव्हती, म्हणून 1978 साली गेली. गेली मालकीच्या प्रश्नावरून, मागे उरला आपल्या स्वभावाचा आकडा. हे आकडे एकेका व्यक्तीला लावू नयेत, असं हॉफस्टेड स्वतः बजावत. शिष्यांनी ते कधीच बासनात बांधलं. आणि 77 गुणांचा देश अंतर मुकाट सोसत असेल, तर मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप कोणी केला? जून 2011 मध्ये मारुती सुझुकीच्या मानेसर कारखान्यात 13 दिवस काम कोणी बंद पाडलं? त्यांना स्वतःची युनियन हवी होती, जपानी शिष्टाचाराचे धडे नव्हे.

 

संस्कृतीला काहीच महत्त्व नाही, असं मी म्हणत नाही. सणाची सुट्टी, बोलण्याचा सूर यांवरून माणसं दुखावतात. पण पुण्याजवळच्या तळेगावचं काय? जनरल मोटर्सने 2017 साली भारतात गाड्या विकणं थांबवलं, तळेगावचा कारखाना निर्यातीपुरता चालवला आणि डिसेंबर 2020 मध्ये तिथलं उत्पादनही बंद केलं. चीनच्या ग्रेट वॉल कंपनीशी ठरलेली विक्री सीमेवरच्या तणावानंतर मंजुरीत अडकली, 2022 साली बारगळली. 2023 मध्ये ह्युंदाईशी करार झाला. हजारावर कामगार या काळात टांगणीला होते. यात कोणाचा कोणत्या संस्कृतीबद्दल गैरसमज झाला होता?

खरा भेद ऐकणारा आणि ठरवणारा यांच्यातला आहे. गिरणीमालक काही संत नव्हते, पण फाटकावरची घोषणा त्यांच्या कानापर्यंत जायची. आता ऐकण्याचं स्वतंत्र खातंच झालं आहे. सर्वेक्षणं होतात, टाउनहॉल होतात, नोकरी सोडतानाही मुलाखत होते. एचआरमधला माणूस बहुधा मनापासून ऐकतो. मात्र 'वरून आलंय' यापलीकडे त्याच्याकडे उत्तर नसतं, कारण ठरवणारा हजारो मैलांवर असतो.

हे अंतर अटळ नाही. जर्मनीत 1976 च्या कायद्यानुसार, 2000 हून अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांच्या पर्यवेक्षक मंडळावर निम्म्या जागा कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींना असतात. फोक्सवॅगनलाही तो लागू आहे. त्याच फोक्सवॅगनच्या चाकणमधल्या कामगाराला या प्रतिनिधींच्या निवडणुकीत मत नाही. पुण्यात जर्मन कार्यसंस्कृतीचे वर्ग घेणाऱ्यांनी वक्तशीरपणाच्या आधी हा कायदा शिकवावा.