जुनी प्लेट कुठाय?

मान खाली घालून उभा राहू नकोस. जुनी प्लेट कुठाय, एवढंच विचारतोय. भंगारात दिलीस? वा! महिन्याभरापूर्वी ज्या ट्रॅक्टरचा क्लच तू ‘एकदम ओके’ करून दिलास, तो आज भर हंगामात पुन्हा उसाच्या फडात बसलाय. पहिल्यांदा तो का घसरला हे सांगणारी एकुलती एक साक्ष होती ती प्लेट. ती तू किलोच्या भावानं विकलीस.

बाकीच्यांनी दात काढू नका. तुमच्यातल्या निम्म्यांनी हेच केलं असतं. मालक म्हणाला, ‘क्लच स्लिप मारतोय’, की तुमच्या हातात पाना आलाच. घसरतोय ना, मग प्लेट गेली. प्लेट गेली ना, मग ट्रॅक्टर फोडा, नवी टाका, पैसे घ्या. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! एवढंच करायचं होतं तर ‘मेकॅनिक ट्रॅक्टर’ ट्रेडला वर्ष कशाला घालवताय? दुकानातला पोऱ्याही प्लेट बदलतो.

आता सांग, फोडायच्या आधी तू सीटवर बसला होतास का? नाही. मालकाला विचारलंस, कधी घसरतो, कुठल्या गिअरमध्ये, ओझ्यावर की रिकामा? तेही नाही. भरलेली ट्रॉली चढाला लागली, इंजिनचा आवाज बसत गेला आणि धुराड्यातून काळा धूर आला, तर इंजिन दमलंय. क्लच बिचारा आपलं काम करतोय. आवाज चढतोय आणि मागचं चाक जागेवर गरागरा फिरतंय, तर दोष काळ्या रानातल्या चिखलाचा. आवाज चढतोय पण चाक रेंगाळतंय, वर जळका वास येतोय, तर तो क्लच. डबल क्लचच्या ट्रॅक्टरला अजून एक भानगड. ट्रॅक्टर नीट ओढतोय, इंजिनचा आवाजही बसत नाही आणि रोटाव्हेटर तेवढा मंदावतोय, तर संशय पीटीओच्या प्लेटवर घ्यायचा. आणि गिअर टाकताना करकर होते तो घसरणारा क्लच नव्हे, तो न सुटणारा. परवा परीक्षेत तुम्ही अर्ध्या जणांनी ही दोन्ही दुखणी एकाच ओळीत लिहिलीत. वाचताना डोकं धरून बसलो होतो मी.

खात्री करायची तर सपाट जागा घ्या, समोर माणूस नको. दोन्ही ब्रेक पेडल खिटी लावून जोडा, ब्रेक पक्का दाबा, वरचा गिअर टाका, मध्यम रेस द्या आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन धापकन बंद पडलं पाहिजे. भुणभुणत चालूच राहिलं तर क्लच घसरतोय, लगेच पेडल दाबून इंजिन बंद करा. एकदाच करायचं हे. मजा म्हणून पाच वेळा केलंत तर जी प्लेट थोडी उरली होती तीही तुम्हीच जाळाल.

मग पेडल. बुटानं नाही, हातानं दाबायचं. बुटाला काय कळणार? सुरुवातीला पेडल सैल जातं आणि मग एका जागी जड लागतं. तो सैलपणा म्हणजे फ्री प्ले. साधारण इंचभर असतो, पण नेमका आकडा ज्या त्या ट्रॅक्टरच्या पुस्तकात असतो, तो बघायचा. आता तो कमी का होतो? अस्तर झिजलं की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते आणि फिंगरांची आतली टोकं उलटी, मागं, रिलीज बेअरिंगकडे येतात. अंतर खात खात ती बेअरिंगला टेकली, की तुम्ही पाय ठेवलेला नसतानाही क्लच थोडा दाबलेलाच राहतो. म्हणजे चांगली प्लेटसुद्धा घसरणार! रॉडचे दोन आटे फिरवले की काम होतं तिथं तुम्ही ट्रॅक्टरचे दोन तुकडे करता. पेडलची परतीची स्प्रिंग तुटलेली असली, लिंकेजची पिन गंजून अडकलेली असली, तरी तेच. रॉडचे आटेच संपले असतील, तेव्हा खुशाल म्हणा प्लेट संपली.

बरं, ह्या ट्रॅक्टरचा फ्री प्ले ठीक होता. मीच बघितला. मग खाली वाकलो. वाकायला कमीपणा वाटतो तुम्हाला. क्लच हाउसिंगच्या बुडाला एक भोक असतं, त्यात स्प्लिट पिन लोंबत असते. ती शोभेसाठी नसते. हलत राहून ती भोक मोकळं ठेवते, म्हणजे आत गळालेलं ऑइल बाहेर पडावं. तिथं चिखलाचा थर बसला होता. तारेनं खरवडला आणि काळं कुळकुळीत ऑइल ठिबकायला लागलं. काळं आणि पातळ म्हणजे इंजिनचं, क्रँकच्या मागच्या सीलमधून आलेलं. पिवळसर, दाट आणि उग्र वासाचं असतं तर गिअरबॉक्सच्या शाफ्टचं सील. तू नवीकोरी प्लेट गळत्या सीलच्या पुढ्यात बसवलीस आणि मजुरी घेतलीस. वर मला सांगतोस, ‘सर, प्लेट डुप्लिकेट निघाली असेल.’ खापर फोडायला दुकानदार बरा सापडला!

ते सील बदलतानाही डोळे उघडे ठेव. क्रँकवर सील जिथं टेकतं तिथं खाच पडली आहे का, नखानं बघ. इंजिनचा ब्रीदर चोंदलाय का बघ. तो चोंदला की आतला दाब वाढतो आणि नवं सीलही ऑइल थुंकतं. आणि ऑइल प्यालेली प्लेट डिझेलनं धुऊन पुन्हा टाकायची अक्कल कुणी लढवू नये. अस्तरात मुरलेलं ऑइल गरम झालं की पुन्हा पृष्ठभागावर येतं.

प्लेट वाचायला शिका रे! काळी, चकचकीत, चिकट असेल तर ऑइल. रिव्हेटच्या डोक्यापर्यंत सगळीकडे सारखी झिजली असेल तर तिचं आयुष्य झालं, कुणाचा दोष नाही. अस्तर करपलेलं आणि फ्लायव्हीलवर निळे डाग, केसासारख्या चिरा असतील, तर ड्रायव्हर पेडलवर पाय ठेवून गाडी हाकतोय, नाहीतर चढावर हाफ क्लचवर ट्रॉली तोलून धरतोय. इथं कृष्णाकाठी दोन-दोन ट्रॉल्या जोडून कारखान्याच्या रांगेत उभं राहायचं, रांग हातभर सरकली की पुन्हा हाफ क्लच. मालकाला हे तोंडावर सांगायचं. पैसे देतो म्हणून त्याच्या ड्रायव्हरची चूक पोटात घालायची नाही.

फ्लायव्हीलवर तू पॉलिश पेपर मारलास म्हणे. चिरा पेपरनं जातात? लेथवर नेऊन फेसिंग करून घ्यावं लागतं, तेही पुस्तकात जेवढं काढायला सांगितलंय तेवढंच. प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगांचा रंग जळालेला दिसला तर त्यांचं पाणी उतरलंय. फिंगरांची उंची गेजनं सारखी लावलीस? एक पुढं, एक मागं राहिली की पेडल सोडताना ट्रॅक्टर झटके खातो. आणि ती धूळ कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवलीस ना? जुन्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असायचं. ते छातीत बसलं की कुठल्या पान्यानं खोलणार आहेस? ओल्या फडक्यानं पुसायचं.

आता ऐक. मालक बाहेर बाकड्यावर बसलेत. मी त्यांना काही सांगितलेलं नाही, तू सांगायचंस. सील न बघता प्लेट टाकली, माझी चूक, मजुरी घेणार नाही, नवी प्लेट माझ्या खर्चानं. त्यांची एक फेरी म्हणजे ऊसतोड टोळीचा एक दिवस असतो, हे लक्षात ठेवून बोल. तोंडातल्या तोंडात पुटपुटू नकोस.

मग कामाला लाग. बॅटरीची वायर काढ. मागच्या चाकांना दगड लाव. मागच्या वेळी तू इंजिनखाली जॅक आणि त्याखाली विटा ठेवल्या होत्यास, हे मला कळलंय आणि त्याबद्दल मी अजून बोललेलो नाही. पुढचा ॲक्सल मधल्या एका पिनेवर झुलतो. ट्रॅक्टर फोडला की पुढचं धूड कुठल्याही बाजूला कलंडतं आणि खाली जो असतो तो उठत नाही. ॲक्सल आणि सपोर्टच्या मध्ये दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोक, दोन्ही धडांखाली पक्के स्टँड लाव आणि मला बोलाव. मी पाचरींवर हात ठेवून बघेपर्यंत एकही बोल्ट सैल करायचा नाही.